डॉ. कमलाबाई सोहोनी

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावच्या शिवारात आषाढ लागला की धानाची रोवणी सुरू होते. गुडघाभर चिखलात उभ्या राहून स्त्रिया पऱ्ह्यांच्या जुड्या सोडतात आणि एकेक रोप बांधीत रोवीत जातात. धुऱ्यावर बैल विसावलेले असतात, साचलेल्या पाण्यात बेडूक ओरडत असतात आणि पांढरेशुभ्र बगळे त्यांच्यावर टपून असतात. ते रोप, तो बैल, तो बेडूक, तो बगळा आणि रोवणी करणारी ती बाई यांच्यांत साम्य ते काय असणार, असे कोणासही वाटेल. वस्तुतः या पाचांच्याही शरीरांत एकच काम अहोरात्र चाललेले असते. मिळालेल्या अन्नाचे मंद ज्वलन करून त्यापासून शक्ती मिळविणे, हे ते काम होय. या कामी पाचांनाही एकाच घराण्यातील एका चिमुकल्या, तांबूस रंगाच्या प्रथिनाचे साहाय्य घ्यावे लागते. त्याचे नाव सायटोक्रोम सी.

प्राण्यांच्या स्नायूंतील हा पदार्थ शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होता. परंतु बटाट्यासारख्या वनस्पतीचा श्वासही त्याच्याच आधाराने चालतो हे पुढे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या एक मराठी बाई होत्या. विज्ञानविषयातील संशोधनासाठी डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव घेतले जाते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटांच्या उदार देणगीतून १९०९ साली बंगलोर येथे जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, तिच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत या दोघा बंधूंची गणना होत असे. अशा घरात मुलींच्या शिक्षणाविषयी दुमत असण्याचे कारणच नव्हते. कमलाबाईंच्या वडील भगिनी म्हणजे पुढे विख्यात झालेल्या लेखिका दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाई साहित्याकडे आणि लोकजीवनाच्या अभ्यासाकडे वळल्या. गोंडांच्या चालीरीती, कथा आणि गाणी समजून घेण्यासाठी त्या मध्य भारतातील रानावनांतून हिंडल्या. धाकट्या कमलाने मात्र वडिलांचा आणि चुलत्यांचा मार्ग धरला. एकाच घरातील दोघी बहिणींनी दोन निरनिराळ्या विद्यांत एवढी योग्यता मिळवावी, हा योग महाराष्ट्रात विरळाच.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय होता आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम. पुढे काय करावयाचे, याचा निर्णय तिच्या मनाने केव्हाच करून टाकला होता. ज्या संस्थेत वडील व चुलते शिकले, त्याच बंगलोरच्या संस्थेत जाऊन संशोधन करावयाचे. तिने रीतसर अर्ज पाठविला. गुण उत्तम होते, त्यामुळे प्रवेश मिळेल याविषयी घरात कोणालाच शंका नव्हती.

अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. त्यांनी अर्ज नाकारला तो गुण कमी पडले म्हणून नव्हे. अर्ज एका मुलीचा होता, एवढेच त्याचे कारण. स्त्रियांना संशोधनाचे काम झेपणार नाही, असे त्यांचे मत होते.

वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. तेव्हा बावीस वर्षांच्या त्या मुलीने स्वतःच बंगलोरला जाण्याचे ठरविले. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. मिठाच्या सत्याग्रहाला तीनच वर्षे झाली होती. अन्यायापुढे मान तुकवावयाची नाही, पण हातही उगारावयाचा नाही, ही शिकवण तेव्हा घरोघर पोचली होती. कमलाने रामन यांची गाठ घेतली आणि आपला कोणता दोष आहे तो दाखवावा, असा आग्रह धरला. दोष दाखविता येत नसेल तर आपण येथून हलणार नाही, असे सांगून तिने त्यांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह आरंभिला.

अखेरीस रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. वर्ष संपल्यावर काम समाधानकारक वाटले तरच प्रवेश कायम होणार होता. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही तिने काम करावयाचे होते. तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, ही आणखी एक अट होती. यांपैकी रात्री काम करण्याची अट तिला जड वाटली नसावी. पण वातावरण बिघडविण्याची अट कोणत्याही पुरुष विद्यार्थ्याला घातली गेली नव्हती, हे तिच्या लक्षात आल्यावाचून कसे राहील? ती मनातून दुखावली. तरीही तिने सर्व अटी मान्य केल्या, कारण नकार दिला असता तर दार पुन्हा बंद झाले असते, आणि ते तिच्या एकटीपुरतेच बंद झाले नसते.

सुदैवाने तिला श्रीनिवासय्या यांच्यासारखे गुरू लाभले. ते कडक शिस्तीचे होते, पण विद्यार्थिनी हुशार आहे हे एकदा ओळखल्यावर शिकविण्यात त्यांनी काही हातचे राखले नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला.

प्रथिन म्हणजे काय, हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. मण्यांची माळ ओवावी त्याप्रमाणे अमिनो आम्ल नावाचे लहान लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन प्रथिन तयार होते. या मण्यांचे सामान्यतः वीस प्रकार असतात. कोणता मणी कितव्या जागी ओवला आहे, यावर ती माळ कशी दुमडेल आणि शरीरात कोणते काम करील हे ठरते. केस, स्नायू, रक्तातील तांबडा पदार्थ, अन्न पचविणारे रस, या सर्वांच्या मुळाशी अशा माळाच असतात. ज्यांच्या ताटात मांस, अंडी वा दूध क्वचितच पडते, अशा आपल्या देशातील लक्षावधी लोकांना प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळींतून. म्हणून डाळींतील प्रथिने कोणती, ती किती आणि अंगी कितपत लागतात, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हता. तो स्वयंपाकघरातला होता.

वर्ष संपले. काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि प्रवेश कायम झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यानंतर त्या संस्थेचे दार स्त्रियांना खुले झाले. पुढे १९४० साली ॲना मणी यांनी तर खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधनास आरंभ केला. कमलाबाईंनी रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून मोठेपण कधीही नाकारले नाही. परंतु केवळ स्त्री म्हणून आपला झालेला अपमान आपण विसरू शकत नाही, हेही त्यांनी उतारवयात स्पष्टपणे सांगितले. एका थोर माणसाच्या हातून झालेला अन्याय हा अन्यायच असतो, हे बोलून दाखविण्यास धैर्य लागते. ते त्यांच्यापाशी होते.

डाळींतील प्रथिनांवरील प्रबंधाबद्दल १९३६ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. ही पदवी दिली. लगोलग शिष्यवृत्तीही मिळाली आणि १९३७ साली त्या इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या. तेथे स्त्रियांसाठी असलेल्या न्यूनम महाविद्यालयात त्यांनी नाव दाखल केले. जीवरसायनशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाई पोचल्या तेव्हा त्यांची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांनी गच्च भरलेली होती आणि बसण्यास जागा नव्हती. ही अडचण डेरेक रिक्टर नावाच्या एका संशोधकाने सोडविली. दिवसा आपले टेबल कमलाबाईंनी वापरावे, आपण रात्रीचे पाहून घेऊ, अशी व्यवस्था त्याने करून दिली. बंगलोरला प्रवेशासाठी धरणे धरावे लागले आणि केंब्रिजला एका परक्या माणसाने आपली जागा आपण होऊन देऊ केली. या दोन प्रसंगांत जेमतेम चार वर्षांचे अंतर होते.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल हे वनस्पतींच्या जीवनव्यापाराचे मोठे अभ्यासक. त्यांच्या सहवासात कमलाबाईंचे लक्ष वनस्पतींच्या श्वसनाकडे वळले.

प्राणी श्वास घेतात हे डोळ्यांना दिसते. त्यांची छाती वरखाली होते. वनस्पतीही रात्रंदिवस श्वसन करतात, पण ते डोळ्यांना दिसत नाही. श्वसनाचे खरे काम मात्र छातीत नव्हे, तर पेशीच्या आत चालते. तेथे अन्नापासून सुटलेले अतिसूक्ष्म विद्युत्‌कण प्राणवायूपर्यंत पोचवावे लागतात. हे काम एका झटक्यात झाले तर सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. म्हणून ते टप्प्याटप्प्याने होते. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि पाण्याची घागर हातोहात पुढे सरकते, तसाच हा प्रकार. या रांगेत प्राणवायूच्या अगदी जवळ जो एक गडी उभा असतो, तो म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. एका हाताने विद्युत्‌कण घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने पुढच्या विकराला द्यावयाचा, एवढेच काम तो अविरत करीत असतो.

डेव्हिड कायलिन या शास्त्रज्ञाने १९२५ साली केंब्रिज येथेच सायटोक्रोमविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले होते. कीटकांच्या स्नायूंतून जाणारा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना त्याला काही ठरावीक काळ्या रेषा दिसल्या. किण्वातही त्या दिसल्या. परंतु वरच्या दर्जाच्या वनस्पतींत श्वसनाची हीच रांग काम करते की त्यांची काही वेगळी रीत आहे, याविषयी मतभेद होते. अडचणीही तशाच होत्या. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद असतो की, त्यात या फिकट रेषा झाकून जातात. बटाट्यात हरितद्रव्य नसते, पण त्याची दुसरी खोड आहे. चिरून ठेवलेला बटाटा थोड्याच वेळात काळवंडतो, हे घरोघरच्या गृहिणींना ठाऊक असते. बटाट्यातील एका वेगळ्या विकराचा हा परिणाम होय. बटाट्याच्या श्वसनाची शेवटची पायरी म्हणजे हाच काळवंडविणारा विकर असावा, असे काही विद्वान मानीत असत.

कमलाबाईंनी बटाट्याचा रस काढून त्यावर अनेक प्रयोग केले. त्यांतून त्यांना आढळले की, बटाट्याच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि ते प्रथिन ज्याच्या हाती विद्युत्‌कण सोपविते तो विकरही तेथे आहे. पुढे इतर वनस्पतींकडे लक्ष वळविले, तेथेही तोच अनुभव आला. म्हणजे झाडाझुडपांचा श्वास आणि प्राण्यांचा श्वास यांच्या मुळाशी एकच यंत्रणा होती. १९३९ साली हिल व कमला भागवत यांच्या नावाने हे संशोधन ‘नेचर’ या सुप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले.

केंब्रिजला आल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी आपला प्रबंध सादर केला. इतरांचे प्रबंध शेकडो पानांचे असत, त्यांचा चाळीसच पानांचा होता. त्यात मांडावयाचे ते सर्व आले होते, मग पाने वाढवावयाची कशाला? १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देई ती नावापुरतीच. पदवीधर पुरुषांना मिळणारे विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना मिळू लागले ते १९४८ पासून. तेव्हा दारे अडविण्याची रीत एकट्या बंगलोरची नव्हती.

कमलाबाईंनी हाती घेतलेल्या त्या तांबूस प्रथिनाची पुढली हकीकत मोठी रंजक आहे. १९६१ सालापर्यंत इमॅन्युएल मार्गोलिॲश व त्यांचे सहकारी यांनी घोड्याच्या हृदयातील सायटोक्रोम सीची माळ मणी मोजून वाचून काढली. ती १०४ मण्यांची भरली. मग माणूस, माकड, कोंबडी, मासा, किण्व, गहू अशा अनेकांच्या माळा वाचल्या गेल्या आणि शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहण्यात आल्या. माणसाची माळही १०४ मण्यांची. चिंपांझी वानराची माळ माणसाच्या माळेशी तंतोतंत जुळते. तांबड्या तोंडाच्या ऱ्हीसस माकडात एकाच मण्याचा फरक आहे. घोड्यात सुमारे बारा मणी वेगळे आहेत. गव्हात जवळजवळ चाळीस वेगळे आहेत, पण उरलेले सारखे. माणूस आणि गहू यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षे लोटली असावीत, असे मानले जाते. एवढ्या काळानंतरही निम्म्याहून अधिक मणी जागच्या जागी राहिले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणखी बारकाईने पाहता असे दिसले की, हे फरक माळेत सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत. काही जागी पाहिजे तो मणी चालतो. काही जागा मात्र अशा आहेत की, तेथे बदल जवळजवळ आढळतच नाही. लोहाचा अणू ज्यात बसतो त्या तांबड्या तुकड्याला धरून ठेवणारे गंधकयुक्त मणी आणि त्यांना लागून असलेला हिस्टिडिन हा मणी गव्हातही आहे, बेडकातही आहे आणि माणसातही आहे. सत्तराव्या मण्यापासून ऐंशीव्या मण्यापर्यंतचा अकरा मण्यांचा पट्टाही असाच. त्या काळी तपासलेल्या सर्व वनस्पती आणि प्राणी यांच्यांत तो एकसारखा निघाला.

असे का व्हावे? गावचा सुतार बैलगाडी करतो तेव्हा साट्याला रंग कोणता द्यावा, जुवावर नक्षी कशी काढावी, हे त्याच्या लहरीवर असते. परंतु चाकाचा तुंबा आणि आस यांचे माप चुकले तर गाडी चालत नाही. प्रथिनांचेही तसेच. पिढ्यानपिढ्या माळेत लहानसहान बदल होतच असतात. नक्षीच्या जागी झालेला बदल खपून जातो. आसाच्या जागी बदल झाला तर प्रथिन आपले काम करू शकत नाही, तो जीव जगत नाही आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून कामाचा भाग कोट्यवधी वर्षे जसाच्या तसा राखलेला दिसतो. आजचे शास्त्रज्ञ या गोष्टीचा उलटाही उपयोग करतात. एखादे नवे, अनोळखी प्रथिन सापडले म्हणजे त्यात असा जुना, राखलेला भाग कोणता आहे ते शोधतात आणि त्यावरून ते प्रथिन काय काम करीत असावे याचा अंदाज बांधतात. आडनावावरून घराणे ओळखावे, तसेच हे आहे.

पदवी मिळाल्यावर कमलाबाईंना परदेशात राहणे कठीण नव्हते. परंतु देशात परत यावे अशीच त्यांची ओढ होती. १९३९ सालीच त्या परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूर येथील पोषणसंशोधनशाळेत त्यांनी साहाय्यक संचालक म्हणून काम केले. तेथे जीवनसत्त्वांविषयीचे त्यांचे संशोधन चालू राहिले. १९४७ साली त्यांचा विवाह झाला. त्यांचे पती श्री. मा. वि. सोहोनी हे विमागणितज्ञ होते. विवाहानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्राच्या विभागात प्राध्यापक झाल्या. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी येथे काढली.

मुंबईतील त्यांच्या कामांपैकी दोन कामे विशेष सांगण्याजोगी आहेत. पहिले काम पुन्हा कडधान्यांचेच. वाल, कुळीथ, सोयाबीन इत्यादींच्या दाण्यांत असे एक प्रथिन असते की, ते आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून धरते. वालाला विदर्भात पोपट म्हणतात आणि हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांची भाजी तिकडे आवडीने खातात. हे अडविणारे प्रथिन पोटात तसेच गेले तर अन्नातील इतर प्रथिने नीट पचत नाहीत. झाडाच्या दृष्टीने ही दाण्यांची राखणच होय. त्यामुळे दाणे खाणाऱ्या किडीचे पोट बिघडते. कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी वालातील आणि डबल बीनमधील हे अवरोधक प्रथिन स्फटिकरूपाने वेगळे काढले. १९५५ साली तेही संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कडधान्यांतील अशी कित्येक प्रथिने एकाच घराण्यातील आहेत, आणि ट्रिप्सिनला पकडणारा त्यांच्यातील आकडाही पिढ्यानपिढ्या राखलेला आहे, हे नंतरच्या संशोधनात दिसून आले. कडधान्य भिजत घालावे, मोड आणावेत आणि चांगले शिजवून मगच खावे, ही आपल्या आज्यांची रीत. भिजविल्याने, मोड आणल्याने आणि विशेषतः शिजविल्याने हा अडथळा बराच कमी होतो.

दुसरे काम नीरेचे. ताड, माड व शिंदी या झाडांचा न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. पहाटे उतरविलेली नीरा ताजी असेतो पौष्टिक पेय असते, ऊन चढू लागले की ती आंबू लागते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचविल्यावरून कमलाबाईंनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते आणि नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांचा बराच अंश टिकून राहतो, असे त्यांना आढळून आले. मग आदिवासी समाजातील कृश मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारत असल्याचे दिसले. जिला दूध व फळे विकत घेणे परवडत नाही, तिला शेजारच्या झाडावरून उतरविलेले पेय उपयोगी पडावे, हा त्यामागचा विचार होता. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे येथील दुग्धप्रकल्पालाही त्यांनी आपल्या ज्ञानाचा लाभ दिला.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना उशिरा मिळाले. योग्यता असूनही काही वर्षे त्यांना थांबावे लागले. ते पद मिळाल्यावर त्यांनी संस्थेचा कारभार निगुतीने केला आणि १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. अनेक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले होते. ज्या मुलीला प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यासाठी धरणे धरावे लागले होते, तिच्याच सहीने आता इतरांना प्रवेश मिळत होता.

निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली काही महिलांनी ग्राहकांच्या हितासाठी एक संस्था काढली होती. अन्नपदार्थांतील भेसळ, वजनमापांतील लबाडी, वस्तूंचे दोष यांविषयी ती लोकांना सावध करीत असे. कमलाबाई तिच्या कामात रमल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी सामान्य गृहिणींना कळेल अशा भाषेत लेख लिहिले. १९८२-८३ या वर्षी त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. ज्यांचे शोधनिबंध जगातील विद्वान वाचीत, त्यांनी बाजारातल्या वस्तूंविषयी लिहावे हे कोणाला कमी प्रतीचे वाटेल. कमलाबाईंना तसे वाटले नाही.

एवढे होऊनही त्यांचे नाव लोकांच्या फारसे कानी नव्हते. त्या काळातील बहुतेक सुशिक्षित घरांत दुर्गाबाई भागवत ठाऊक होत्या, पण त्यांच्या भगिनीचे काम ठाऊक असणारे थोडे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या धुरीण डॉ. सत्यवती यांना कमलाबाईंच्या कार्याची माहिती कळली, तेव्हा इतकी वर्षे आपण हे नाव कसे ऐकले नाही, याचे त्यांना नवल वाटले. परिषदेने कमलाबाईंचा दिल्लीत सत्कार करण्याचे ठरविले. कमलाबाईंनी तेव्हा वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली होती. निमंत्रण स्वीकारून त्या मुंबईहून दिल्लीला गेल्या. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. दुर्गाबाई त्यांच्या मागे चार वर्षे होत्या.